मिडवेचे श्रेय डाइव्ह बॉम्बरलाच द्यावे का?

धागाकर्ता

पॅसिफिक युद्धाचे पारडे ४ जून १९४२ रोजी मिडवे बेटाजवळ फिरले आणि ते डॉन्टलेस या अमेरिकन डाइव्ह बॉम्बरनेच, म्हणजे उंचावरून सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानानेच, फिरवले, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या सकाळी हॉर्नेट या अमेरिकन विमानवाहू नौकेवरून निघालेल्या आठव्या टॉर्पेडो तुकडीच्या १५ विमानांपैकी एकही परतले नाही, आणि इतर तुकड्यांचेही टॉर्पेडो वाया गेले. साडेदहाच्या सुमारास मात्र एंटरप्राइज आणि यॉर्कटाउन या अमेरिकन नौकांवरील डॉन्टलेसनी आकागी, कागा आणि सोर्यू या तीन जपानी विमानवाहू नौका काही मिनिटांत पेटवल्या. सत्तर अंशांच्या आसपास सूर मारायचा, पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या भोकाभोकांच्या झडपा उघडून वेग आवरायचा आणि वळणे घेत पळणाऱ्या जहाजावर अगदी खाली येईपर्यंत नेम धरून ठेवायचा, ही त्यांची रीत होती. आकागीला थेट लागलेला बॉम्ब एकच. तेवढ्याने तिचा निकाल लागला. ही अचूकता त्या वर्षी दुसऱ्या कोणत्या शस्त्रात होती?

तांडेल

अचूकतेबद्दल दुमत नाही, पण बॉम्ब जहाज जाळतो आणि टॉर्पेडो ते बुडवतो, हा फरक आपण सोयीस्कररीत्या बाजूला ठेवला आहे. आकागी जळत राहिली, तरी तिला तळाशी धाडले ते जपानच्याच विनाशिकांच्या टॉर्पेडोंनी, तेही दुसऱ्या दिवशी पहाटे. यॉर्कटाउनचे उदाहरण तर त्याच दिवसाचे आहे. हिर्यू या चौथ्या जपानी विमानवाहू नौकेवरून आलेल्या डाइव्ह बॉम्बरनी तिच्यावर तीन बॉम्ब अचूक टाकले, तरीही खलाशांनी आगी विझवल्या, डेकवरची भोके बुजवली, बॉयलर पुन्हा पेटवले आणि नौका दोन तासांच्या आत चालती केली. नंतर आलेल्या टॉर्पेडो विमानांना ती दुसरीच, धडधाकट नौका वाटली! त्यांचे दोन टॉर्पेडो लागले तेव्हा ती कलंडली.

गलबतवाला

तांडेल, आपण दिलेले उदाहरण मला उलट बाजूचे वाटते. यॉर्कटाउन तगली, कारण तिच्या इंधनवाहिन्या आधीच रिकाम्या करून त्यांत कार्बन डायऑक्साइड भरला होता. जपानी नौकांच्या बंदिस्त हँगरमध्ये मात्र इंधन भरलेली विमाने आणि उघड्यावर राहिलेला दारूगोळा होता. अशा जहाजाच्या पोटात फुटलेला हजार पौंडी बॉम्ब आणि यॉर्कटाउनवरचे अडीचशे किलोचे बॉम्ब एका मापाने कसे मोजता येतील? शिवाय बॉम्बने जहाज बुडत नाही म्हणावे, तर आपल्या शेजारचीच साक्ष पाहा. एप्रिल १९४२ मध्ये श्रीलंकेजवळ कॉर्नवॉल आणि डॉर्सेटशायर या ब्रिटिश क्रूझर आणि चार दिवसांनी बट्टिकलोआजवळ हर्मिस ही ब्रिटिश विमानवाहू नौका जपानी डाइव्ह बॉम्बरनी निव्वळ बॉम्बनी बुडवल्या. हर्मिसवर तर त्या वेळी स्वतःचे एकही विमान नव्हते.

उत्तररात्र

संरक्षणाला विमाने नसलेली हर्मिस हे डाइव्ह बॉम्बरच्या पराक्रमाचे माप होऊ शकत नाही. मिडवेलाही हॉर्नेटच्या डाइव्ह बॉम्बरना शत्रूच सापडला नाही, तर यॉर्कटाउनच्या डाइव्ह बॉम्बरचा म्होरक्या मॅक्स लेस्ली याचा बॉम्ब नव्या विद्युत कळीच्या दोषामुळे वाटेतच समुद्रात पडला. (तरीही त्याने सूर मारलाच, हे विशेष.) एंटरप्राइजच्या विमानांचा म्होरक्या वेड मॅक्लस्की याने इंधन आटत असतानाही शोध सोडला नाही आणि अमेरिकन पाणबुडीच्या मागे रेंगाळून आपल्या ताफ्याकडे परतणाऱ्या अराशी या जपानी विनाशिकेचा माग काढला, म्हणून एंटरप्राइजची विमाने पोहोचली. श्रेय द्यायचे तर आधी त्या निर्णयाला द्यावे.

धागाकर्ता

मॅक्लस्कीचा निर्णय मोलाचा होता हे मान्य, पण तो घेऊन टॉर्पेडो विमानेच तिथे पोहोचली असती तर काय झाले असते, हे सकाळीच दिसले होते. माझा दावा १९४२ पुरताच आहे. १९४४ च्या फिलिपीन समुद्रातील लढाईत हियो ही जपानी विमानवाहू नौका अॅव्हेंजर या अमेरिकन टॉर्पेडो विमानाच्या टॉर्पेडोने बुडाली, ताइहो आणि शोकाकू या दुसऱ्या दोन जपानी विमानवाहू नौका पाणबुड्यांनी टिपल्या, आणि पुढे रॉकेट व बॉम्ब वाहणाऱ्या लढाऊ विमानांनी डाइव्ह बॉम्बरची जागा घेत नेली.

तांडेल

१९४२ पुरताच दावा असेल, तर त्याच ऑक्टोबरात सांताक्रूझ बेटांजवळ हॉर्नेटला जपान्यांनी बॉम्ब आणि टॉर्पेडो एकाच वेळी मारून निकामी केले, त्याचाही हिशेब आपण मांडावा.