ॲम्प्लिफायर घ्यायचाय आणि डीलर घाटापलीकडे: ऐकूनच घ्यायला हवा का?

देवगड_खाडीकाठ

विषय मांडतो आणि माझं मतही आधीच सांगून टाकतो. घरचा जुना ॲम्प गेला. आधी डावी बाजू खरखरायला लागली, मग रिले (स्पीकरची लाइन जोडणारा आतला स्विच) धरेना. आता नवा स्टीरिओ इंटिग्रेटेड ॲम्प घ्यायचाय. स्पीकर आहेत तेच राहणार: बुकशेल्फ म्हणजे छोटे, ८ ओहम (विजेला होणारा अडथळा), सेन्सिटिव्हिटी (एक वॅटला किती आवाज देतो) ८७ डीबी, म्हणजे डेसिबल. खोली बारा बाय चौदा, जांभ्याच्या भिंती, वर माळा आणि कौलं. ऐकणं म्हणजे नाट्यसंगीत, अभंग, शास्त्रीय आणि सकाळी रेडिओ.

आमच्याकडून जवळ म्हणजे फोंडा घाट चढून कोल्हापूर. चार मॉडेल शेजारीशेजारी ठेवून ऐकायची तर मुंबई नाहीतर पुणे. जो तो सांगतो, "कानाने ऐकल्याशिवाय घेऊ नका." स्पीकरच्या बाबतीत मला हे शंभर टक्के मान्य आहे. ॲम्पच्या बाबतीत नाही. स्पीकर बदलला की आवाज बदलतो, हे घरातल्या लहान मुलालाही कळतं. ॲम्पचं काम मात्र आलेला सिग्नल आहे तसा मोठा करणं, एवढंच. नीट बनवलेले दोन ॲम्प त्यांच्या ताकदीच्या आत चालवले आणि आवाजाची पातळी जुळवून ऐकले, तर फरक ओळखणं फार अवघड जातं. अमेरिकेतल्या 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकाने १९८७ साली अशी चाचणी छापली होती. कुठला ॲम्प वाजतोय हे ऐकणाऱ्याला कळू दिलं नव्हतं. स्वस्त रिसिव्हरपासून महागड्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पपर्यंत सगळं त्यात होतं आणि ऐकणाऱ्यांत या नादात मुरलेले लोकही होते. अंदाजपंचे उत्तरं दिली असती तरी निकाल साधारण तसाच लागला असता.

दुकानात पातळी कोण जुळवून देतो? एक ॲम्प अर्धा-एक डीबीने वर असला की तोच जास्त मोकळा, जास्त भरदार वाटतो, आणि आपण त्याचे पैसे मोजून घरी येतो. म्हणून आपल्यासारख्यांनी आधी वीज, खारी हवा आणि दुरुस्ती यांचा विचार करावा. यामाहा ए-एस३०१ (८ ओहमला ६० वॅट) आणि डेनॉन पीएमए-६००एनई (४५ वॅट) माझ्या यादीत आहेत. दोन्हींपैकी कुठलाही न ऐकता मागवायची माझी तयारी आहे. पटत नसेल तर कारण द्या.

गिरगाव_ते_गुहागर

पटत नाही. कारणं देतो.

"ताकदीच्या आत" ही अट तुम्ही स्वतःच घातलीत आणि लगेच पुढे गेलात. सगळा घोळ तिथेच आहे. स्पीकरच्या मागे ८ ओहम लिहिलेलं असलं तरी काही फ्रिक्वेन्सींना तो ४ च्या आसपास उतरतो. तिथे ॲम्पकडून जास्त करंट मागितला जातो आणि कमजोर ॲम्प दमतो. पखवाजाची एखादी उघडी थाप सरासरी आवाजाच्या वर पंधरा-वीस डीबी सहज जाते. त्या क्षणी ॲम्प क्लिप झाला, म्हणजे ताकद संपून सिग्नलचं टोक कापलं गेलं, की थाप बोथट होते. माहितीपत्रकातला वॅटचा आकडा हे सांगत नाही.

दुसरं, रात्री हळू ऐकण्याचं. व्हॉल्यूमच्या बटणाच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात बऱ्याच ॲम्पच्या दोन बाजू सारख्या नसतात. एक पुढे, एक मागे. गायकाचा आवाज मधोमध यायचा तो एका कुशीला जातो. नवाची वेळ झाली की गावात सामसूम होते, आपण सगळे हळूच ऐकतो. हा दोष समोर बसल्याशिवाय कळत नाही. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण, ट्वीटरजवळ (स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा भाग) कान नेल्यावर येणारी सळसळ, तीही तशीच.

आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दुकानात जाणं फक्त कानासाठी नसतं. तिथे माणूस ओळखीचा होतो. उद्या ॲम्प बिघडला तर सुटा भाग मागवणारा, फोन उचलणारा कुणीतरी असतो. एकदा कोकणकन्येने रात्रीत मुंबई गाठा, दिवसभर ऐका, परत या. दहा वर्षं वापरायच्या वस्तूसाठी एवढं करायला काय हरकत आहे?

छोटा_डी

मी दोघांच्याही विरोधात. क्लास डी, म्हणजे झटपट चालू-बंद होत सिग्नल मोठा करणारा ॲम्प, घ्या. टीपीए३२५५ चिप असलेले लहान डबे मिळतात, मूठभर वजन, सोबत ४८ व्होल्टचा ॲडॅप्टर. ॲडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालणारा असला तर संध्याकाळी वीज उतरली तरी आउटपुट पडत नाही. गरम कमी होतो, कुरियरने येताना तुटत नाही, आणि गेलाच तर दुसरा घ्यायचा. नऊ किलोचं धूड कशाला आणायचं?

वायरमन_कुडाळ

बिघडलेले ॲम्प उघडणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरच्या आतल्या घरातला ॲम्प उघडला की आधी रिलेकडे बघतो. वरून कव्हर पारदर्शक, आत संपर्काच्या बिंदूंवर काळपट थर. एक बाजू हळू येते, मध्येच जाते, व्हॉल्यूम जरा वाढवला की परत येते, हे सगळं त्याचंच. खाडीकाठकर, तुमचा जुना ॲम्पही बहुतेक यानेच गेलाय. टाकून देण्याआधी रिले बदलून बघा. त्यानंतर पोटेन्शिओमीटर (व्हॉल्यूमच्या बटणामागचा भाग) आणि इनपुटचा सिलेक्टर. तांब्याच्या पायांवर हिरवी बुरशीसारखी साय धरते. शिवाय वरच्या जाळीतून पाल आत शिरते, दोन टर्मिनलांवर आडवी पडते आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर घेऊन जाते. जाळी बंद करायची नाही, ॲम्प गरम होतो. ॲम्प भिंतीला चिकटून ठेवू नका आणि पावसाळ्यात रोज तासभर चालू ठेवा. आतल्या उबेने ओल धरत नाही. चार महिने झाकून ठेवलेलेच ॲम्प माझ्याकडे जास्त येतात.

आता विजेचं. लोक कमी व्होल्टेजला घाबरतात. गणित करून बघा. ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्पची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. २३० चे १८० झाले तर ताकद साधारण ६१ टक्के उरते. ४५ वॅटचे २७ झाले म्हणायचे. ऐकायला हा फरक जेमतेम दोन डीबीचा. ॲम्प बिघडत नाही. बिघडतो तो वर गेल्यावर. वादळात खांबावरचा न्यूट्रल (परतीची तार) तुटला की घरात तीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकतं, आणि त्याला ट्रान्सफॉर्मर, ॲडॅप्टर, टीव्ही सगळे सारखेच. त्यामुळे नुसता स्टॅबिलायझर नको. ठरावीक व्होल्टेजच्या वर लाइन तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज कट-ऑफ मीटरजवळच्या बोर्डात बसवून घ्या. ॲम्प कुठलाही घ्या, हे आधी करा.

विजांचं वेगळं. मे अखेरीला आणि परतीच्या पावसात कट-ऑफचा उपयोग नाही. प्लग काढायचा, डिशची वायरही काढायची. सर्ज प्रोटेक्टर जास्तीची लाट अर्थिंगमध्ये उतरवतो आणि कातळावरच्या घराचं अर्थिंग मे महिन्यात कोरडं ठणठणीत पडलेलं असतं. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा.

छोटा_डी, तुमचा ॲडॅप्टर बदलता येतो, हे मान्य. पण त्या बोर्डवरची चिप इतकी बारीक बसवलेली असते की इथे कुणी ती काढून नवी लावत नाही. टाकून द्यावा लागतो. साधे सुटे ट्रान्झिस्टर असलेला ॲम्प मी पंधरा वर्षांनीही उभा करून देतो. इन्व्हर्टर असेल तर आणखी एक: स्क्वेअर वेव्हवाला असेल तर ट्रान्सफॉर्मर घूं घूं करणारच. त्यावर ॲम्प लावू नका, साइन वेव्हवाला घ्या.

मालवणचो_दर्यावर्दी

वायरमनानु, तुमचा सगळा बरोबर आसा. पण माका गिरगावकरांचा पटता. ऐकल्याशिवाय एवढे पैशे घालूचे नाय. आमच्या भजनाच्या मंडळान न ऐकता एक ॲम्प मागवलो, पेटी ऐकाक येय नाय आणि टाळ नुसतो कानात घुसा. देवळात बसलेल्या सगळ्यांका कळला.

देवगड_खाडीकाठ

दर्यावर्दी, मंडळाचा ॲम्प म्हणजे माईकचा, पीएचा. त्याला टोन आणि मिक्सिंगची वेगळी बटणं असतात, स्पीकरही कर्ण्याचे. टाळ कानात घुसणं हा बहुतेक त्या कर्ण्याचा आणि टोनच्या बटणाचा गुण. घरच्या ॲम्पला तो निकष लावू नका.

गिरगावकर, करंटचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, पण तो ऐकून नाही, आकडे बघूनच सुटतो. कंपनीने ४ ओहमचा आकडा दिलाय का ते बघायचं. डेनॉनचा ८ ओहमला ४५ आणि ४ ओहमला ७० वॅट दिलाय, म्हणजे लोड उतरल्यावर तो हात वर करत नाही. आता माझ्या खोलीचं गणित. एक वॅटला एक मीटरवर ८७ डीबी. मी बसतो तीन मीटरवर. दोन स्पीकर आणि खोलीची साथ धरून कानाशी ८३ च्या आसपास येतात. शंभर डीबीची थाप हवी तर आणखी १७ डीबी, म्हणजे एका वॅटच्या पन्नासपट, पन्नास वॅट. आणि ४५ व ६० वॅटमधला फरक किती? सव्वा डीबी. नाट्यसंगीत मी शंभर डीबीला ऐकत नाही, घरातले ऐकू देणारही नाहीत.

रात्रीच्या हळू आवाजाचा मुद्दा मात्र अजिबात सोडून देण्यासारखा नाही. पण तुम्ही दुकानात ऐकाल तो नग वेगळा आणि तुमच्या खोक्यातून येणारा वेगळा. पोटेन्शिओमीटरच्या दोन बाजू जुळणं नगानगाला बदलतं. मग मुंबईला जाऊन काय कळणार?

गिरगाव_ते_गुहागर

तोच नग ऐकून तोच बांधून आणायचा. मी तेच करतो. खोक्यातून काढायला लावायचा, माझी गाणी लावायची, व्हॉल्यूमचं बटण घड्याळाच्या काट्यासारखं सातावर, आठावर, नवावर (म्हणजे अगदी हळू) ठेवून ऐकायचा, पसंत पडला तर तोच परत खोक्यात. दुकानदार कुरकुर करतो, पण करतो. ऑनलाइनवाला हे करू देईल?

आणि माझा तिसरा मुद्दा तुम्ही उचललाच नाहीत. बिघडल्यावर कोण?

रायगड_किनारा

बिघडल्यावर कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातच तक्रार करता येते, विक्रेता कुठल्याही शहरात असो. आधीच्या १९८६ च्या कायद्यात साधारणपणे समोरच्या पक्षाच्या गावी किंवा जिथे घटना घडली तिथे जावं लागायचं. ऑनलाइन घेणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हा फार मोठा बदल आहे. फक्त पुरावा हवा. खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, बाहेरच्या पट्टीपासून ॲम्प टेबलावर येईपर्यंत. ट्रान्सफॉर्मर जड असतो, वाटेत खोकं आपटलं तर तो बुडाचा पत्रा वाकवतो किंवा बोर्ड चिरतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आमच्याकडे एका कुरियरने असाच आणून दिला होता. व्हिडिओ होता म्हणून बदलून मिळाला.

पण मी गिरगावकरांच्या बाजूचाच आहे. आयोगात जाणं आणि ओळखीच्या दुकानदाराला फोन करणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

वायरमन_कुडाळ

गिरगावकरांच्या तिसऱ्या मुद्द्याला माझं उत्तर: बिघडल्यावर मुंबईचा डीलर नाही, तुमच्या तालुक्यातला दुरुस्तीवाला. वॉरंटीच्या काळात अधिकृत केंद्राकडेच पाठवावा लागेल, ते कोल्हापुरात आहे की पुण्यात, हे पैसे भरायच्या आधी फोन करून विचारा. दोन वर्षांनंतरचं आयुष्य आमच्यासारख्यांच्या हातात. म्हणून मॉडेल ठरवताना आपल्या माणसाला दाखवा. सर्व्हिस मॅन्युअल मिळतं का, आउटपुट ट्रान्झिस्टर बाजारात आहेत का, वाय-फायचा बोर्ड मुख्य बोर्डलाच जोडलाय का. वाय-फायवाले नकोतच. त्यांचं फोनवरचं ॲप बंद पडलं की निम्मा ॲम्प बंद.

देवगड_खाडीकाठ

वायरमन, तुमचं ऐकून जुन्याचा रिले काढून बघितला. तुम्ही लिहिलंत तसाच काळा आहे. तो बदलून रेडिओसाठी ओटीवर ठेवतो.

नवा न ऐकताच मागवतोय, यामाहा. मॉडेल इथल्या आमच्या दुरुस्तीवाल्याला दाखवलं, तो म्हणाला करून देईन. ॲम्प यायच्या आधी कट-ऑफ बसवतोय. गिरगावकर, तुमचा हट्ट मला अजूनही पटलेला नाही. पण रात्रीची ती तपासणी कशी करायची ते नीट सांगा, परत पाठवायची मुदत आहे तोवर करून घेतो.

गिरगाव_ते_गुहागर

एकच गायक, एकच तंबोरा, असं मोनो जुनं ध्वनिमुद्रण लावा. मोनो म्हणजे दोन्ही बाजूंना तंतोतंत तेच. बॅलन्स मधोमध, टोनची बटणं सरळ, पंखा बंद. व्हॉल्यूम शून्यावरून अगदी सावकाश वर न्या आणि आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहतो का बघा. सुरुवातीला किंचित सरकला तर चालेल. तुम्ही रोज ज्या पातळीला ऐकता तिथेही तो बाजूला असेल तर लगेच परत पाठवा, "पुढे सवय होईल" असं म्हणू नका. मग गाणं थांबवा, व्हॉल्यूम अर्ध्यावर न्या आणि ट्वीटरला कान लावा. हात मात्र बटणावरच ठेवा, त्या वेळी चुकून गाणं सुरू झालं तर कान आणि ट्वीटर दोन्ही जातील. हे सगळं रात्री करा, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला, वीज उतरलेली असते तेव्हा, पुन्हा एकदा.