ठासणीची, चकमकीची की तोड्याची?

शाहूपुरीकर : एका इंग्रजी माहितीपत्रकाचं मराठी करतोय. विषय असा : तोंडाकडून भरायची, दगडाच्या ठिणगीवर उडणारी जुनी रायफल भरायची कशी आणि नंतर साफ कशी करायची. ‘लोड’ आणि ‘क्लीन’ ठेवून मोकळा झालो असतो, पण आमच्याकडं थोरल्यांच्या तोंडी ‘ठासणीची बंदूक’ असायची. फ्लिंटलॉकला तेच म्हणू का? रॅमरॉड, प्रायमिंग पावडर यांना कुणी काय म्हणतं?

बिंदूचौकी : ठासणीची म्हटलं तर चूक नाही, पण गोष्ट अर्धीच सांगून होते. ठासणी म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी घालून गजानं ठासायची. ती पेटते कशी, हे त्यात येत नाही. जळत्या वातीनं उडते ती तोड्याची. गार म्हणजे चकमकीचा दगड, तो पोलादावर आपटून ठिणगी पडते ती चकमकीची. एकोणिसाव्या शतकात आली ती टोपीची. दिवाळीत पोरं पिस्तुलात टिकल्या फोडतात, तत्त्व तेच. तिन्ही ठासणीच्याच. तुम्ही ‘चकमकीची ठासणीची रायफल’ लिहा. रॅमरॉड म्हणजे गज, त्यात काही शोधायला नको.

पन्हाळापायी : बरोबर. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींकडं चकमकीच्या बंदुका होत्या, तिथं सरसकट ‘तोड्याच्या’ लिहिलेलं वाचलं की डोकं उठतं.

आता भरण्याचं. आधी गज सोडून नळी रिकामी आहे का ते बघायचं. मग मापानं दारू (सोरा ७५, कोळसा १५, गंधक १० टक्के, हे जुनं प्रमाण). मग चरबी लावलेल्या चिंधीत शिशाची गोळी. रायफल असल्यानं नळीत आतून पिळाचे चर असतात. चिंधी त्यांत गच्च बसते आणि गोळीला फिरकी मिळते. मग गजानं गोळी दारूवर टेकेपर्यंत ठासायची. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटायची भीती, म्हणून ‘ढकलणे’ लिहू नका. पण ठासणे म्हणजे कुटणेही नव्हे. गोळी टेकली की बास. गजावर खूण करून ठेवली की गोळी पुरती खाली गेली का, ते बाहेरूनच कळतं.

प्रायमिंगला ‘रंजक’. नळीच्या बुडाशी बाजूला जे बारीक भोक, तो ‘कान’. तोफ शत्रूच्या हाती लागली तरी त्याला उडवता येऊ नये म्हणून कानात मेख ठोकायचे, तोच हा कान. कानाबाहेरच्या वाटीत रंजक घालायची, वरची पोलादी पट्टी मिटायची, घोडा पुरता चढवायचा, चाप ओढायचा. रंजक नुसती भुर्रकन जळून गेली आणि आतली दारू पेटलीच नाही, असंही होतं. तेव्हा तोंड सुरक्षित दिशेला धरून थांबायचं, लगेच नळीत डोकावायचं नाही.

शाहूपुरीकर : घोडा आणि चाप एकच ना? पेपरात ‘घोडा दाबला’ असंही येतं.

पन्हाळापायी : पेपरात काहीही येतं. घोडा चढवतात, चाप ओढतात. गार ज्याच्या जबड्यात आवळलेली असते तो घोडा.

भुदरगडकर : ‘गार’ राहू दे, ‘गारगोटी’ लिहा की! आमच्या गावाचं नाव लागंल तरी.

बिंदूचौकी : भावा, गाव तुमचं झक्कास, पण गारगोटी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पांढरा स्फटिकाचा दगड येतो. बंदुकीला लागतो तो धारदार कपची निघणारा गर्द दगड. ‘चकमकीचा दगड’ म्हणा. शब्द तुर्की वळणाचा. तुर्कीत आजही लायटरला चाकमाक म्हणतात.

रंकाळाकाठी : साफसफाईबद्दल कुणीच बोलेना. माझं मत : इथं ‘साफ करणे’ही नको, ‘धुणे’ लिहा. कारण ही बंदूक खरोखर पाण्यानं धुतात. काळ्या दारूचा जो थर आत बसतो त्याला काजळी म्हणतात, पण ती चुलीवरची काजळी नव्हे, त्यात क्षार असतात. ते हवेतलं पाणी ओढतात आणि लोखंड गंजतं. नुसत्या तेलानं ते निघत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून बार काढला त्याच दिवशी, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, गरम साबणाचं पाणी नळीत, गजाला चिंधी, खालीवर. कानातून काळं पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं, ते स्वच्छ येईस्तोवर चालू. बारीक तारेनं कान मोकळा, घोड्याचा भाग पुसून कोरडा, नळीत कोरड्या चिंध्या आणि शेवटी तेलाचा हात. आपल्याकडच्या पावसाळ्यात एक रात्र तशीच ठेवली की सकाळी तांबेरा दिसलाच म्हणून समजा. पुढच्या वेळी भरण्याआधी नळीतलं तेल पुसायचं, नाहीतर दारू ओली होते आणि बार फुसका.

शाहूपुरीकर : आभार सगळ्यांचे. सुरुवात अशी केली : ‘नळीत मापानं दारू ओता, चिंधीतली गोळी गजानं ठासा, वाटीत रंजक घाला.’ चालंल?

बिंदूचौकी : चालंल, पण पहिल्यांदा ‘बंदुकीची दारू’ लिहा, हे कोल्हापूर हाय. आणि ‘रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू’ असं एकदा सांगून टाका, नाहीतर वाचणारा ‘मनोरंजक’मधलं ‘मनो’ शोधत बसंल.