गुलाबी प्लेटवर पांढरी रिंग आली, पण ती सीजीटीएजचीच कशावरून?

खारी_माती: एमएस्सी मायक्रोचा प्रोजेक्ट चालू आहे, अल्कलाइन मातीतून सीजीटीएज (स्टार्चपासून सायक्लोडेक्स्ट्रिन बनवणारं एन्झाइम) तयार करणारे बॅसिलस बॅक्टेरिया काढतेय. स्टार्च, फिनॉलफ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी दिसणारा इंडिकेटर) आणि सोडियम कार्बोनेट घालून पीएच 10 ची प्लेट केली, 4 कॉलन्यांभोवती रंग गेला, मी जाम खूश! तर गाइड म्हणतात अ‍ॅसिडनेपण रंग जातो. आयोडीन टेस्टला (स्टार्च तुटला का ते दाखवणारी) चारही पॉझिटिव्ह आहेत, मग चालेल ना?

पेट्रीडिश: आयोडीनवर जाऊ नकोस, साधा अमायलेज असला तरी तेच दिसणार. अमायलेज स्टार्चची साखळी तोडतो आणि तुटल्या टोकाला पाणी जोडून मोकळा होतो, सीजीटीएज मात्र ते टोक त्याच तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला चिकटवून टाकतो, म्हणून ग्लुकोजची बंद रिंग, म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन बनते, 6 ग्लुकोजची अल्फा, 7 ची बीटा, 8 ची गॅमा. बीटाच्या पोकळीत फिनॉलफ्थॅलीन बरोब्बर बसतं आणि रंग घालवतं. तुझ्या गाइडचा मुद्दा एकदम करेक्ट आहे, त्या कॉलनीभोवती थोडं ताजं कार्बोनेट टाकून बघ, गुलाबी परत आला तर अ‍ॅसिड होतं.

फार्मसीवाला: मधेच घुसतोय, आम्ही ही बीटा रोज वापरतो. बाहेरून पाण्याशी जमतं, आत तेलकट, त्यामुळे न विरघळणारं औषध आत बसवता येतं. गंमत म्हणजे तिघांत बीटाच पाण्यात सगळ्यात कमी विरघळते, 25 डिग्रीला लिटरमध्ये जेमतेम 18 ग्रॅम, म्हणून इंजेक्शनसाठी हायड्रॉक्सीप्रोपिल लावलेली घेतात. भूल उतरवताना रोक्युरोनियम (स्नायू सैल करणारं औषध) पकडायला देतात ते सुगामाडेक्स पण गॅमाचंच बदललेलं रूप.

खारी_माती: टाकलं कार्बोनेट. 3 गुलाबी झाल्या 😭 एकच पांढरी राहिलीय.

पेट्रीडिश: एक पण पुष्कळ आहे गं! तिचा ब्रॉथ सेंट्रीफ्यूज कर, वरचं पाणी स्टार्चबरोबर ठेव, मग कार्बोनेटमधलं फिनॉलफ्थॅलीन घालून 550 नॅनोमीटरला रंगाचं रीडिंग घे, आणि शेजारी उकळलेल्या एन्झाइमचा कंट्रोल लाव, नाहीतर गाइड परत तेच विचारतील. पण त्याआधी आजच ग्लिसरॉल स्टॉक करून डीप फ्रीजरात टाक, माझी अशीच एक कॉलनी सबकल्चर करता करता गेली होती.