भोरड्यांचा थवा मोजायचा कसा?

कृष्णाकाठ: नमस्कार मंडळी, आमचं रान मिरजेच्या पूर्वेला, बांधाला बाभळीचं बन आहे आणि दरवर्षी ज्वारी कणसात आली की भोरड्या (पळसमैना) तिथं रात्रीला उतरतात. यंदा ठरवलंय की नुसतं बघायचं नाही, दर रविवारी मोजायचं आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचं. पण परवा मी लिहिलं ३०००, शेजारी उभ्या मित्रानं लिहिलं ८००, तेही एकाच थव्याचं! असला आकडा टाकून काय उपयोग? आणि बाभळीत ते बारके वटवटे असतात ते तर दिसतच नाहीत, त्यांचं काय करायचं?

येरळेकाठचा: दादा, थवा बनावर घिरट्या घालायला लागला की मोजायच्या नादाला लागू नका, तेव्हा कुणालाच जमत नाही. त्या एकदम येत नाहीत, चाळीस-पन्नासच्या टोळीनं येतात, ती टोळी येताना मोजायची. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी बनापासून थोडं लांब, त्यांच्या वाटेवर उभं राहायचं. आधी दहा पक्षी नीट मोजा, दहांचा पुंजका केवढा दिसतो ते डोळ्यात बसलं की तसे किती पुंजके गेले ते मोजायचं. मायणीच्या तलावावर बदकं मोजतानाही मी हेच करतो. आणि कंटाळून आकड्याच्या जागी एक्स (म्हणजे पक्षी होता, पण मोजला नाही) टाकू नका, अंदाज का असेना पण आकडा लिहा, पुढं कमी झाल्या का वाढल्या हे एक्सवरून कसं कळणार?

सातारची_सुगरण: वटवट्यांसाठी संध्याकाळ नाही, सकाळ धरा. स्थलांतरात हे बारके पक्षी बहुतेक रात्रीचा प्रवास करतात आणि पहाटे उतरून भुकेले असतात, त्यामुळं उजाडल्यापासूनचे पहिले दोन तास सोन्याचे. मी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर एका जागी पंधरा मिनिटं थांबते, हिरवट वटवट्या पानात दिसत नाही पण ओरडतो ठसठशीत. एकच पक्षी दोन फांद्यांवरून ओरडला तर आपण दोन धरतो, ही चूक मी पण खूप केलीय, आता दोन आवाज एकाच वेळी आले तरच दोन लिहिते. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपनं नाव सुचवलं तरी स्वतः ऐकून-बघून खात्री करा हं.

माळावरचा: काका लोक गोफण घेऊन भोरड्या हाकलतात ते मला कळतं, कणसाचं नुकसान होतंच. पण ह्याच भोरड्या नाकतोडे पण फस्त करतात, आणि कझाकस्तानकडून इथवर आलेल्या असतात राव. मोजताना दाण्यावर किती होत्या आणि जमिनीवर किड्यांवर किती हे पण लिहा, शेतकऱ्याला तेच वाचायचंय.

कृष्णाकाठ: सगळ्यांचे आभार! काल पश्चिमेच्या बांधावर दोघं शेजारी-शेजारी उभं राहिलो, एकमेकांना आकडा सांगायचा नाही असं ठरवून टोळ्या मोजल्या. माझ्या १३४०, त्याच्या १२९०!! दक्षिणेकडून पण येत होत्या, तिकडं माणूस नव्हता, म्हणून शेऱ्यात लिहिलं की फक्त पश्चिमेची बाजू मोजली. दाणे आणि किड्यांचं पुढच्या रविवारपासून, ताई तुमची सकाळची पंधरा मिनिटं पण. काळ्या डोक्याचा भारीट (हाही हिवाळी पाहुणा पक्षी) अजून आला नाही, वहीत त्याच्यासमोर शून्य लिहून ठेवलंय.