अंतराळवीरांच्या जथ्यातला संघर्ष खरा कसा वाटेल?

खाडीकाठ (मालवण):
नमस्कार. गेल्या वर्षभरापासून मी एक मराठी कॉमिक लिहितो आहे आणि त्याची चित्रे माझी धाकटी बहीण काढते. गुरूच्या युरोपा या चंद्रावरच्या तळावर राहणारे सात महानायक त्यात आहेत. चाळीस पाने झाल्यावर आम्ही दोघांनी ती सलग वाचली, तेव्हा लक्षात आले की शक्ती निरनिराळ्या असल्या तरी सातही जण एकाच माणसासारखे बोलतात. यान चालवणारी रेवा आणि म्होरक्या यांच्यात तळ सोडायचा की नाही यावरून कडाक्याचा वाद होतो. पण पुढच्याच पानावर शत्रू येतो, दोघे खांद्याला खांदा लावून लढतात आणि वादाचा मागमूसही उरत नाही. इतक्या पात्रांची वाढ एकाच वेळी कशी दाखवावी, आणि भांडण केवळ कुरबूर वाटू नये म्हणून काय करावे?

वाचनवेडी (वेंगुर्ले):
२००८ साली डॅन अ‍ॅबनेट आणि अँडी लॅनिंग यांनी नव्याने उभी केलेली ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ ही अंतराळातल्या महानायकांच्या जथ्याची कॉमिक मालिका मिळाल्यास अवश्य वाचा, कारण तुमचा प्रश्न तिथे फार प्रामाणिकपणे हाताळला आहे. फॅलँक्स या परग्रही यंत्रजमातीच्या आक्रमणाला आपणच वाट करून दिली, हे शल्य जथ्याचा म्होरक्या स्टार-लॉर्ड याच्या मनात आहे, आणि असे पुन्हा होऊ नये म्हणून त्याला काहीही करून हा जथा उभा करायचा आहे. म्हणून तो मॅन्टिस या साथीदारणीला तिच्या मानसिक शक्तीने इतरांची मने हळूच वळवायला सांगतो. हेतू चांगला, पण साथीदारांना न विचारता त्यांच्या मनात हात घातलेला. हे उघडकीस येते तेव्हा जथा फुटतो, आणि लेखक तो लगेच जोडत नाहीत, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. जथ्यातले ड्रॅक्स आणि फायला एका बाजूला जातात, गमोरा आणि वॉरलॉक दुसरीकडे, तर रॉकेट उरलेल्यांना घेऊन काम चालू ठेवतो. जो तो कुठे जातो यावरूनच त्याचा स्वभाव कळतो. त्यासाठी वेगळे भाषण लागत नाही.

तुमच्या रेवाच्या वादात दोघांपैकी कोणाचे काय कायमचे जाते? काहीच जात नसेल, तर शत्रू आल्यावर तो वाद विरणारच.

त्याच मालिकेत मोहिमेनंतर प्रत्येक जण कॅमेऱ्यासमोर बसून आपला वृत्तांत देतो. एकाच प्रसंगावर रॉकेट बोलतो तेव्हा आणि ड्रॅक्स बोलतो तेव्हा शब्दांचा बाज इतका बदलतो की नाव झाकले तरी पात्र ओळखू येते. तुमच्या सातांना एकदा असे बसवून पाहा.

पायपेटी (कुडाळ):
वर लिहिलेले पटते, आणि त्याला आपल्याकडचे एक उदाहरण जोडावेसे वाटते. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात. पेटाऱ्याजवळ बसून स्वतःच्या हाताने तोंड रंगवणाऱ्या नटाला आख्यान ठाऊक असते आणि आपल्या पात्राला काय हवे आहे हे ठाऊक असते. बाकीचे तो समोरच्याचे ऐकून रंगमंचावरच उभे करतो. त्यामुळे राजा आणि राक्षस यांची बोलाचाली रंगते तेव्हा मध्यरात्र उलटली तरी जत्रेतला प्रेक्षक हलत नाही, कारण दोघांचेही म्हणणे त्याला क्षणभर खरे वाटत असते. तुम्ही आणि ताईंनी एकेक पात्र वाटून घेऊन तो वाद मोठ्याने बोलून पाहावा, आणि म्होरक्याची बाजू तुम्हाला लुळी वाटली, तर दोष संवादात नसून कथानकात आहे असे समजावे.

ध्रुवतारा (गुहागर):
एका बाबतीत मी सावध करू इच्छितो. सातही पात्रे बदललीच पाहिजेत असा आग्रह धरू नये. ‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ ही कॉमिकमधली महानायकांची टोळी १९५८ साली तीन जणांपासून सुरू झाली आणि पुढे तिचा पसारा इतका वाढला की प्रत्येकाला समान पाने देणे अशक्यच होते. तरीही १९६७ साली तिच्यातला फेरो लॅड सूर्य गिळणाऱ्या सूर्यभक्षकाचा नाश करण्यासाठी स्वतः बॉम्ब घेऊन जातो आणि मरतो, ते वाचकांच्या लक्षात राहिले. तो जथ्यात नवखा होता, त्याच्या वाट्याला फारशी पाने आली नव्हती. पण त्याने एक निवड केली आणि ती परत फिरवता येण्याजोगी नव्हती. सातांपैकी दोघांना किंवा तिघांना अशा निवडीपुढे उभे करा आणि बाकीच्यांना ठाम राहू द्या. स्थिर माणूस शेजारी असला की बदलणारा अधिक स्पष्ट दिसतो. ‘गार्डियन्स’मधल्या झाडासारख्या ग्रूटजवळ रॉकेट कसा दिसतो ते आठवा.

खाडीकाठ (मालवण):
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बहिणीसह तो वाद मोठ्याने बोलून पाहिला आणि म्होरक्याकडे तळावर थांबण्याचे कारणच नाही हे लगेच उघडे पडले. आता असे ठरवले आहे की तळाखालच्या बर्फात अडकलेल्या सहा कामगारांचा आवाज फक्त त्याला ऐकू येतो आणि घबराट पसरू नये म्हणून त्याने तो लपवला आहे. रेवा यान घेऊन निघून जाते, आणि नंतर तिला ते कळते. ती किती पानांनी परत यावी, की येऊच नये, यावर आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही. बहिणीच्या मते तिने येऊ नये.