फ्लाय-इनला छोटी विमानं बघायला जायचंय – लेन्स, जागा, ओळख यावर सल्ला हवा

पार्लेकर: डिसेंबरात घाटावरच्या एका छोट्या धावपट्टीवर क्लबची आणि खासगी विमानं जमणार आहेत, आम्हाला प्रेक्षक म्हणून पास मिळालेत. सांताक्रूझची मोठी विमानं ओळखता येतात, पण एका इंजिनवाली सगळी सारखीच वाटतात. ७०-३०० लेन्स पुरेल का? वैमानिकांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायला स्कॅनर घ्यावा का? सोबत दहा वर्षांची लेक असेल.

वातकुक्कुट: रंगाकडे बघू नका, पंख बघा. पंख केबिनच्या वर आणि त्याला खालून तिरका दांडा, म्हणजे बहुतेक वेळा सेसना. १५२ दोन आसनी, १७२ चार आसनी. दारामागची खिडकी १७२ ला लांब असते, १५२ ला आखूड. पंख खाली आणि केबिनचं दार फक्त उजवीकडे असेल तर पायपर चेरोकीचं कुळ. त्यात पंख सरळ फळीसारखा असेल तर जुनं मॉडेल, बाहेरचा भाग निमुळता असेल तर वॉरियर किंवा आर्चर. लांबसडक पंख आणि शेपटीचं आडवं पातं उभ्याच्या डोक्यावर: डायमंड डीए४०. तसंच पण दोन इंजिनं: डीए४२. पंख वर आणि दोन इंजिनं दिसली तर टेकनाम पी२००६टी असण्याची शक्यता मोठी. भारतीय विमानांच्या नोंदणी क्रमांकातली व्हीटी नंतरची तीन अक्षरं टिपून ठेवा, घरी येऊन पडताळता येतं.

कल्याणकर_३००: लेन्स पुरेल. फोटो बिघडतात ते शटरमुळे. नाकावरचा पंखा (प्रोपेलर) मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० झाले. १/१००० सेकंदाला पातं जेमतेम १४ अंश सरकतं आणि विमान हवेत बंद पडल्यासारखं दिसतं. १/१२५ ला ११५ अंश सरकतं, मग फिरत्या पंख्याची धूसर चकती मिळते. पण थेट तिथे उडी मारू नका. १/३२० ला हात बसवा, मग १/२५०, १/१६० असं उतरा.
दुसरी अडचण उन्हाची. आयएसओ १०० आणि १/१२५ ला भर उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ वर जातं आणि सेन्सरवरची धूळ आभाळात ठिपके होऊन उमटते. एनडी४ फिल्टर (प्रकाश एक चतुर्थांश करणारी काळसर काच) लावला की एफ/८ वर काम भागतं. विमानाचं पोट काळं येत असेल तर एक्स्पोजर +२/३.
सराव गच्चीवरून घारींवर करा, मुंबईत त्यांना तोटा नाही.

पार्लेकर: भारी! आणि उभं कुठे राहायचं?

वातकुक्कुट: धावपट्टी पूर्व-पश्चिम असेल तर दक्षिणेची बाजू. डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कलता असतो, ऊन पाठीवर राहतं. वाऱ्याचा मोजा (दिशा दाखवणारी खांबावरची कापडी नळी) बघा: त्याची शेपूट ज्या टोकाकडे, तिकडून विमान येणार, कारण उतरायचं ते वाऱ्याला तोंड करून. आडवा वारा असेल तर चाकांकडे लक्ष ठेवा. वाऱ्याकडचा पंख खाली झुकतो आणि त्या बाजूचं चाक आधी टेकतं. दिवसातला सगळ्यात चांगला फोटो तोच.
मुंबईहून पहाटे निघण्यापेक्षा आदल्या रात्री जवळपास मुक्काम करा. पाहुणी विमानं सकाळच्या शांत हवेत येतात. अकरानंतर डांबर तापतं, हवा थरथरते आणि महागडी लेन्ससुद्धा पाणी मारल्यासारखा फोटो देते.

मॅग्नेटो: स्कॅनर नको. परवान्याशिवाय असा संच बाळगणं कायद्यात बसत नाही. फ्लाइट ट्रॅकर अ‍ॅपवरही विसंबू नका, बऱ्याच छोट्या विमानांत एडीएस-बी (आपली जागा आपोआप प्रसारित करणारं यंत्र) नसतं, ती दिसतच नाहीत. फोटोची परवानगी आयोजकांकडून लेखी घ्या.
लेकीला एक गोष्ट पक्की सांगा: इंजिन बंद असलं तरी पंख्याला हात लावायचा नाही. मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनावरच्या छोट्या जनित्राची, ठिणगी बॅटरीवर चालत नाही. स्विचकडे जाणारी अर्थिंगची वायर तुटली असेल तर चावी बंद असूनही ठिणगी पडते आणि पातं हाताने फिरवलं की इंजिन अचानक सुरू होऊ शकतं. शेपटीवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला की इंजिन सुरू होणार, मागे सरा. टोपी बांधलेली हवी, वेफर्सची पाकिटं पिशवीत, छत्री उघडायची नाही.

कल्याणकर_३००: +१. आणि लेकीला कानावरचे इयरमफ. उड्डाणाआधी धावपट्टीच्या तोंडाशी थांबून विमानं मिनिटाला साधारण १८०० फेऱ्यांवर मॅग्नेटो तपासतात, तो आवाज जवळून सोसत नाही. त्या वेळी मागून वाळूही उडते, लेन्स बदलायची असेल तर आधीच बदला.