लग्नात वाजवायला स्ट्रिंग क्वार्टेटची नोटेशन्स कशी निवडावीत? (कोल्हापूर)

चौतारी:
नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरातले चौघे: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. आजवर हौसेपुरतं वाजवलं, आता लग्नांसाठी विचारणा येऊ लागलीय. डिसेंबरात एक चर्चमधलं लग्न आहे, आणि दुसऱ्या एका घरचं रिसेप्शन लॉनवर. तयार अरेंजमेंट (मूळ रचना आपल्या वाद्यांसाठी बसवून लिहिलेल्या प्रती) नेटवर ढिगानं मिळतात, फुकट आणि विकतच्याही, आणि नमुना ऐकला की सगळ्याच गोड लागतात. निवडायच्या कशा? आमची व्हायोलावाली ताई मूळची व्हायोलिनची, अल्टो क्लेफ (व्हायोलाचे स्वर लिहायची वेगळी पद्धत) वाचताना अजून अडखळते. रिसेप्शनवाल्यांना मराठी गाणीही हवीत. बजेट बेताचं.

खर्जातला:
नमुना ऐकून अजिबात घेऊ नका. तो बहुतेक वेळा संगणकानं वाजवलेला असतो. त्याचा हात दुखत नाही, सूर ढळत नाही. आधी पानं बघायला मागा, आणि पानं बघताना एकच शोधा: हा तुकडा मध्येच कुठं थांबवता येतो?

लग्नात काहीच वेळेवर होत नाही. नवरी दारापासून वेदीपर्यंत अर्ध्या मिनिटात पोचेल, नाहीतर फोटोवाला तिला वाटेत दहा वेळा उभी करेल. पाखेलबेलचा कॅनन जगभर लग्नात वाजतो तो नुसता गोड आहे म्हणून नव्हे. खाली चेलोचे तेच आठ स्वर दोन-दोन बारमध्ये (तालाच्या मापांत) फिरत राहतात, मूळ रचनेत २८ वेळा. एका स्वराला एक सेकंद धरा, म्हणजे दर आठ सेकंदांनी बाहेर पडायला दार आहे. नवरी पोचली की पहिल्या व्हायोलिननं मान हलवायची, चालू फेरी पुरी करायची आणि पुढच्या फेरीच्या पहिल्या स्वरावर, म्हणजे डीवर, सगळ्यांनी थांबायचं. फेरीच्या शेवटच्या स्वरावर थांबलात तर वाक्य अर्धं तुटल्यासारखं वाटतं. २८ फेऱ्यांत चेलोवाल्याचं काय होतं ते मला विचारू नका.

ही रचना मूळ तीन व्हायोलिन आणि बासची. क्वार्टेटच्या प्रतीत तिसरं व्हायोलिन व्हायोलाकडे जातं. बऱ्याच विकतच्या संचांत व्हायोलाचा पार्ट व्हायोलिनवाल्यांच्या सवयीच्या ट्रेबल क्लेफमध्ये ‘तिसरं व्हायोलिन’ म्हणूनही जोडलेला असतो. ताईंची या डिसेंबरची सोय त्यावर होईल. पण कायमची सवय नको. तो पार्ट व्हायोलिनवरही वाजावा म्हणून खालच्या सी तारेपर्यंत उतरतच नाही, आणि व्हायोलाची खरी मजा तिथंच आहे.

जाता जाता: नवरी येताना वाजतो तो वाग्नरचा ब्रायडल कोरस हवा असेल तर आधी पाळकांना विचारा, काही चर्चमध्ये तो चालत नाही. मेंडेल्सोनच्या वेडिंग मार्चची सुरुवात ट्रम्पेटची आहे, चार तारवाद्यांवर ती किरकोळ वाटते. बाहेर पडताना लोकांना तोच हवा असतो, म्हणून ठेवा, पण छोटी प्रत घ्या.

पानउलट्या:
बजेट बेताचं असेल तर अरेंजमेंट कशाला विकत घेताय? जे मुळातच तारवाद्यांसाठी लिहिलंय ते घ्या. मोझार्टचे के. १३६ ते १३८ (के. म्हणजे त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) हे तीन डिव्हर्टिमेंटो, म्हणजे हलक्याफुलक्या रचना (१७७२), आणि के. ५२५ (१७८७) क्वार्टेटवर जसेच्या तसे वाजतात. हायडनच्या क्वार्टेटमधल्या संथ मूव्हमेंट (रचनेचे भाग) आणि मिनुएट (जुन्या नाचाच्या चाली) जेवणाच्या वेळेला उत्तम. जुन्या छापील प्रती आयएमएसएलपी या नोटेशन्सच्या वेबसाइटवर फुकट आहेत. बोकेरिनीचं प्रसिद्ध मिनुएट मात्र दोन चेलोंच्या क्विंटेटमधलं (पाच वाद्यांच्या रचनेतलं) आहे, त्याची अरेंजमेंटच लागेल. हँडेलच्या ‘शीबाच्या राणी’च्या नादी लागू नका. दोन ओबो (फुंकून वाजवायची वाद्यं) आणि सगळा तारवाद्यसमूह मिळून जी पळापळ करतो ती चौघांच्या गळ्यात येते.

हलगीप्रेमी:
भावा, कोल्हापुरात लग्न म्हटल्यावर हलगी आणि बँजो. तुमची चार व्हायोलिनं ऐकणार कोण? 😀

चौतारी:
वरातीत आम्ही पण हलगीवरच नाचणार की! आम्हाला फक्त जेवणाची वेळ द्या.

मंद्रसप्तक:
मराठी गाण्यांबद्दल मी बोलतो. तयार प्रती शोधत बसू नका, स्वतः लिहा. नोटेशन लिहायचं म्यूझस्कोअर सॉफ्टवेअर फुकट आहे. लोकांनी चढवलेल्या मराठी-हिंदी गाण्यांच्या बऱ्याचशा प्रतींत पहिल्या व्हायोलिनला चाल आणि बाकी तिघांना लांब लांब कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), बस. वाजवणारे पेंगतात, ऐकणारेही.

आधी सा ठरवा. गायकाची पट्टी विसरा. सा सीवर ठेवलात तर व्हायोला आणि चेलोच्या खालच्या दोन मोकळ्या तारा म्हणजे सा आणि प. तंबोरा घरचाच झाला. डीवर ठेवलात तर मोकळ्या डी आणि ए चौघांकडेही आहेत. मग प्रत्येक स्वराखाली कॉर्ड ठेवायचा मोह आवरा. गाणं यमनातलं, सा सीवर, आणि खाली एफ मेजर कॉर्ड दिलात की शुद्ध मध्यम घुसला. पाहुण्यांना कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी बिघडल्याचं कळेल. सा-प धरून ठेवा, दुसऱ्या व्हायोलिनला चालीतल्याच स्वरांची उत्तरं द्या.

अंतरा व्हायोलाला द्या. तो आवाज गाणाऱ्या गळ्याच्या सगळ्यात जवळचा. केरवा असेल तर ‘धा’वर चेलोचं पिझिकाटो (बोटानं तार छेडणं), मधल्या ‘ना’वर व्हायोलाचं, एवढं पुरतं. मींड कागदावर नीट उतरत नाही. पेन्सिलीनं रेघ मारा आणि वाजवण्याआधी चौघांनी बसून गाणं गळ्यानं म्हणा.

आणि मंगलाष्टकांच्या वेळी कुणी कितीही आग्रह केला तरी वाजवू नका. शार्दूलविक्रीडित एकच असलं तरी प्रत्येक आत्याची पट्टी वेगळी असते. शेवटचं ‘सावधान’ झालं की मान वाजंत्र्यांचा. तुम्ही मामा नवरीला घेऊन येतात तेव्हा आणि नंतर जेवणाला.

चौतारी:
मंद्रसप्तक, यमनाचं एकदम पटलं. पण सिनेमातली गाणी अशी लिहून वाजवली तर कॉपीराइटचं काय?

पानउलट्या:
कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधीत केलेलं वादन उल्लंघन धरत नाहीत, आणि त्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ स्पष्ट धरलेत. ही सूट वाजवण्यापुरती. लिहिलेली अरेंजमेंट पीडीएफ करून विकायची असेल तर परवानगी लागेल. संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. विकत घेतलेले संचही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका.

खर्जातला:
लॉनवर वाजवणार आहात ना? मग प्रत निवडताना पान उलटायची जागाही बघा. चारही पार्टमध्ये तिथं विसावा असला पाहिजे, नाहीतर दोन पानं शेजारी चिकटवून घ्या. स्टँडला कपड्यांचे चिमटे लावा, संध्याकाळी वारा सुटतो.

चौतारी:
चिमटे आजच घेतो. चर्चला कॅनन आणि छोटा मार्च, रिसेप्शनला के. १३६, हायडन आणि यमनातलं एक गाणं, असं ठरवतोय. ताई म्हणते अंतरा तिला मिळणार असेल तर अल्टो क्लेफ महिन्याभरात पक्का करते. मंद्रसप्तक, सी की डी? आमचं पहिलं व्हायोलिन डीसाठी अडून बसलंय.

मंद्रसप्तक:
डी घ्या. व्हायोलिनला मोकळं वाटेल. फक्त ताईंचा अंतरा फार वर जात नाही ना, ते आधी तपासा.